सहावीची पोरं बोलत नाहीत? आधी त्यांच्या हाताला काम द्या

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सहावीचा वर्ग, पट ४६, तुम्ही नवीन लागलाय, काही विचारलं की मुलं मान खाली घालून बसतात, मागच्या बाकावर दर दोन दिवसांनी मारामारी, वरून सांगतात उपक्रम घ्या फोटो पाठवा, आणि पोर्शन तर आधीच मागे पडलाय. मुलांच्या मनाचं बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि त्याला वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात पूर्व भागात २३ वर्षं शिकवतेय, त्यातली बहुतेक पाचवी ते सातवीवरच गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पाचवीतलं पोर सकाळी आल्या आल्या सांगतं, बाई काल आमच्या घरी भांडण झालं, बाई माझा दात पडला, बाई आमची शेळी व्याली. तेच पोर सहावीच्या दिवाळीपर्यंत एकदम बंद होतं. आपल्याला वाटतं बिघडलं, मोबाईलमुळे झालं, उद्धट झालं. तसं नसतं. अंगात बदल सुरू झालेले असतात, आवाज फुटतो, मुलींची पाळी सुरू होते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आता त्याला बाईंपेक्षा शेजारच्या बाकावरचा दोस्त काय म्हणेल याची काळजी जास्त असते. अशा वेळी आपण ४५ जणांसमोर त्याला उभं करून "काय झालं रे, का गप्प आहेस?" विचारलं तर तो काय सांगणार? तो "काय नाय" म्हणतो आणि बसतो. मी पण पहिली पाच-सहा वर्षं हेच करत होते.

हे कळलं ते एका वही शिवण्यातून. आमच्या वर्गात दरवर्षी जुन्या वह्यांची कोरी पानं उरतात, ती जमवून नवीन वह्या शिवायचं काम मी काढलं होतं, खरं तर पैसे वाचावेत म्हणूनच. दोरा आणायला लांब जावं लागत नाही, आपल्याकडे कारखान्यात टॉवेल-चादरीचं वेस्ट सूत निघतं ते एखादा पालक पिशवीभर आणून देतो. त्या वर्षी वर्गात एक मुलगा होता, जून ते सप्टेंबर त्याच्या तोंडून मी दहा वाक्यंसुद्धा ऐकली नव्हती. मला वाटायचं मराठी येत नसेल, घरी तेलुगू आहे. त्या दिवशी जमिनीवर बसून आम्ही आठ-आठ कागद मधे दुमडून गठ्ठे करत होतो. मी त्याच्या शेजारी बसले होते आणि माझ्या दोऱ्याला गाठ पडली, सुटता सुटेना. त्याने काही न बोलता माझ्या हातातून दोरा घेतला, दोन बोटांत धरून जरासा उलटा पिळला आणि गाठ मोकळी केली. मी म्हटलं, अरे हे कुठं शिकलास? तर मान वर न करता म्हणाला, "नायना शिकवले. कांडी भरताना तुटतंय ना, तवा." नायना म्हणजे वडील, आणि कांडी म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायची नळी. मग मी काही विचारलंच नाही, दोघं शिवत राहिलो, आणि दोन-तीन मिनिटांनी त्यानेच सांगितलं की कारखाना बंद झालाय, नायना पुण्याला वॉचमन म्हणून गेलेत, अम्मा पण गेली, हा इथं आज्जीकडे आहे आणि आज्जीला ऐकायला येत नाही. घरी बोलायला कोणीच नव्हतं हो त्याला. चार महिने मी त्याला वर्गात उभं करून करून विचारत होते, आणि सांगितलं त्याने गाठ सोडवताना.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलेय, या वयाचं मूल समोर बसवून विचारलं तर बोलत नाही, शेजारी बसून हात चालू असले तर बोलतं. कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही, मधे गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही कारण काम तर चालूच आहे ना, आणि बोलून झाल्यावर परत कामात डोकं घालता येतं. हे आपल्याला नवीन थोडंच आहे, आपल्या वस्तीत बायका ओट्यावर बसून विड्या वळतात तेव्हा सगळ्या घरादाराची सुखदुःखं तिथंच निघतात, शेंगा फोडताना निघतात, पापड लाटताना निघतात. वर्गात आपण फक्त खडू-फळा आणि तोंड ठेवलंय, हात काढून टाकलेत. मुलांच्या मनाचं बघायचं म्हणजे वेगळं काहीतरी भारी करायचं असं मनातून काढून टाका, आठवड्यातून दोनदा अर्धा तास सगळ्यांच्या हाताला काम आणि तुम्ही खुर्चीवरून उठून खाली, इतकं केलं तरी महिन्याभरात वर्ग बदललेला दिसेल.

वही शिवायची रीत पण सांगते, तुम्ही इथूनच सुरुवात करा असं माझं मत आहे. आठ कागद एकत्र धरून मधोमध दुमडा, म्हणजे सोळा पानं, बत्तीस पृष्ठं होतात. घडीवर तीन भोकं, एक मधे, दोन दोन्ही टोकांपासून दोन-दोन बोटं आत, ती दाभणाने पाडायची आणि दाभण तुमच्याच हातात ठेवायचं. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, बाहेरून वरच्या भोकात घालायची, आतल्या बाजूने सरळ लांब टाका घेत खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. मग दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारायची. झाली वही. मुलांना विचारा, एक कागद दुमडला की पृष्ठं किती, पाच कागदांची वही केली तर किती, ३० पृष्ठांची वही अशी शिवता येईल का. विभाज्यता न शिकवता येते. आणि ही वही त्यांची स्वतःची, यात मी तपासणार नाही, लाल पेन लावणार नाही असं सांगायचं आणि ते पाळायचं. पाळलं नाही तर सगळं मुसळ केरात.

आता वेळेचं. सहावी ते आठवीला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला २२० दिवस आणि १००० तास धरलेत, ते काही वाढणार नाहीत, म्हणून उपक्रम वरून चिकटवायला गेलात की पोर्शन मागे पडणारच. आत घालायचा. आपण आकारिक मूल्यमापन करतो ना, वर्षभर चालतं ते, त्याच्या आठ साधनांत प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे, तोंडीकाम आहे, आणि सहावीला आकारिकचे निम्मे गुण आहेत, सातवीला १०० पैकी ४०. पण आपण वर्षाच्या शेवटी एका बैठकीत बसून नोंदी भरतो, "वर्गात सक्रिय सहभाग घेतो" हे वाक्य ४६ वेळा लिहितो. त्यापेक्षा उपक्रमाच्या वेळी खिशात छोटी वही ठेवा आणि रोज फक्त तीन मुलांबद्दल एक-एक ओळ खरी लिहा. पंधरा-सोळा दिवसांत अख्खा वर्ग होतो. आकारिकचं काम तर होतंच, पण कोणत्या मुलाबद्दल लिहायला आपल्याकडे काहीच नाही तेही कळतं. ज्याच्याबद्दल लिहायला काही सुचत नाही त्याच्याच शेजारी उद्या जाऊन बसायचं. शिवाय २०२४ पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार, म्हणजे उपक्रमांचा शनिवार आलाय, तो वेळ तर हक्काचाच आहे, तो फळ्यावर नाव लिहून राहिलेला धडा घेण्यात घालवू नका.

विषयात उपक्रम कसा मुरतो त्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पाण्याचं आहे. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, कधी चार दिवसांनी कधी पाच, आणि कोणत्या गल्लीला पहाटे तर कोणत्या गल्लीला ऐन शाळेच्या वेळेला. मी सरासरी आणि स्तंभालेख शिकवताना पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि भिंतीवर मोठा कागद लावला, आडव्या रांगेत तारखा, उभ्या रांगेत मुलांच्या गल्ल्या. पाणी आलं की येऊन टिकली लावायची, किती वाजता आलं, किती वेळ राहिलं, घरात किती घागरी भरल्या. घागर किती लिटरची यावरून वर्गात भांडण लागलं, मग दोघी घरून घागर घेऊन आल्या आणि लिटरच्या बाटलीने मोजली, एकीची पंधरा बाटल्यांना भरली, दुसरीची साडेबाराला. सरासरी, मध्यक, आलेख सगळं त्यात आलं आणि कोणाला कंटाळा आला नाही.

पण महिन्याच्या शेवटी मी हजेरीपत्रक त्या कागदाशेजारी धरलं आणि मला कसंतरीच झालं. ज्या सात-आठ मुलींना मी "तुला उठायला होत नाही का" म्हणून रागावत होते त्यांच्या उशिराच्या आणि गैरहजेरीच्या तारखा आणि त्यांच्या गल्लीतल्या पाण्याच्या तारखा एकाखाली एक जुळत होत्या. आई कामावर जाते, पाणी भरायला पोरगी. मुलांपैकी फक्त एकाचं तसं जुळलं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की पाण्याच्या दिवशी उशीर झाला तर कारण विचारलं जाणार नाही, आत येऊन बसायचं, शेजारणीने पहिल्या तासाचं दाखवायचं. इतकंच. पण त्या मुली त्यानंतर वर्गात हात वर करायला लागल्या. रोज सकाळी दारात बोलणी खाऊन आत आलेलं पोर दिवसभर काय उत्तर देणार तुम्हीच सांगा.

उत्तर न देण्याचं अजून एक कारण आपण विसरतो, दिसत नसतं किंवा ऐकू येत नसतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला मागच्या बाकावरून फळ्यावरची एक ओळ वाचायला लावा, एक डोळा झाकून, मग दुसरा. खेळ म्हणून घ्या. माझ्या प्रत्येक वर्गात असं एक-दोन मूल निघालंय ज्याला "ढ" म्हणून मागे बसवलं होतं आणि त्याला फक्त चष्मा हवा होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणीची गाडी शाळेत येते तेव्हा ही नावं आधीच काढून ठेवा, नाहीतर ते लोक घाईत असतात. आणि पोटात काय आहे तेही बघा. पोषण आहारात सहावीपासून १५० ग्रॅम तांदूळ धरलाय, पाचवीपर्यंत १००, म्हणजे शासनाला पण माहितेय की या वयात भूक वाढते. सकाळच्या शाळेत बरीच मुलं नुसत्या चहावर येतात. २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं ठरलं पण वरच्या वर्गांना ते लागू नाही, त्यामुळे आपली पोरं सात-साडेसातला येऊन बसतात, आणि ६ ते १२ वयाच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत रील बघितल्यावर ती कुठून होणार. माझ्या वर्गात पहिला तास सुरू होण्याआधी ज्यांनी काही खाल्लं नाही ते कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी खातात, डबा माझ्या टेबलावर असतो, कोण घेतं हे मी बघत नाही. भाकरी आठ दिवस टिकते आणि कोणाला हात पसरल्यासारखं वाटत नाही.

मारामारीबद्दल. आधी पंधरा दिवस फक्त लिहून ठेवा, कधी झाली, कुठं झाली, त्याच्या आधी काय झालं. कोणी केली हे शेवटी लिहा. मी असं लिहिलं तेव्हा दिसलं की बहुतेक मारामाऱ्या मधल्या सुट्टीच्या शेवटच्या पाच मिनिटांत पाण्याच्या टाकीपाशी सुरू व्हायच्या आणि वर्गात येऊन पूर्ण व्हायच्या. चार नळ होते, दोन बंद, आणि तिनेकशे पोरं. म्हणजे पोरं वाईट नव्हती, नळ बंद होते. प्लंबर बोलावला, आणि रांगेची जबाबदारी ज्या दोघांची नावं माझ्या वहीत सारखी येत होती त्यांनाच दिली. मारामारी झाली की लगेच न्याय करायला बसू नका, दोघांना वेगवेगळं काम द्या, एकाने फळा पुसायचा, एकाने खडूचे तुकडे निवडायचे, दहा मिनिटांनी अंगातलं उतरलं की मग एकेकाला बाजूला घेऊन ऐकायचं. जबरदस्तीने सॉरी म्हणायला लावू नका, ते सॉरी शाळा सुटल्यावर गेटबाहेर वसूल होतं. आणि हात उचलायचा नाही. आरटीईचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळाला पण बंदी करतं, म्हणजे "बैल आहेस का" हे सुद्धा त्यात आलं. कायद्याचं सोडा, ज्या मुलाला तुम्ही एकदा मारलं ते तुमच्या शेजारी बसून कधीच काही सांगणार नाही.

मार्चनंतर उन्हाचं पण लक्षात ठेवा. आपल्याकडे पत्र्याखालच्या वर्गात दुपारी दोनला मोठी माणसं पण चिडतात. तेव्हा गणित दुपारी घेऊ नका, सकाळी घ्या, दुपारी हाताचं काम. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते तेव्हा पोरं रात्री उशिरापर्यंत होम मैदानावर असतात, त्या आठवड्यात चाचणी लावायची नाही, उलट गोल पाळण्याचा परीघ काढायला सांगा, यात्रेतल्या उंच नंदीध्वजाची उंची सावलीवरून कशी काढता येईल ते विचारा. डोळ्यांत झोप असली तरी यावर बोलतात.

भाषा. तुमच्या ४६ मध्ये घरी मराठी बोलणारे कदाचित निम्मेच असतील, बाकी तेलुगू, कन्नड, उर्दू. हे मूल गप्प बसतं कारण त्याला येत नाही असं नाही, चुकलं की हसतील हे त्याला माहीत असतं. मी फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज एक शब्द लिहिते, चार भाषांत, चारही देवनागरीत. पाणी, नीळ्ळू, नीरू, पानी. रोज एक मूल तो कोपरा सांभाळतं आणि बाकीच्यांकडून म्हणून घेतं. ज्याच्या मराठीला सगळे हसतात त्याचा तेलुगू शब्द मराठी पोरांना म्हणता येत नाही, "काय बे, ळ्ळू म्हण की ळ्ळू" असं तो त्यांना शिकवत असतो, आणि हसणं कसं उलटं न होता सारखं वाटलं जातं ते बघण्यासारखं असतं. १२ जानेवारीला सोलापूरचा हुतात्मा दिन येतो, तेव्हा भाषण स्पर्धा घेण्यापेक्षा पोरांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी घेऊन जा. १९३० मध्ये याच गावात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. नावं नुसती मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, हे चौघं घरी कोणकोणत्या भाषा बोलत असतील? मी विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, आपल्या वर्गासारखंच की." मी पुढं काही बोललेच नाही.

मुलींचं वेगळं सांगते कारण तुम्ही सर आहात आणि तुम्हाला कोणी सांगणार नाही. सहावी-सातवीत पाळी सुरू होते. मुली शाळेत पाणी पीत नाहीत कारण संडासाला कडी नसते किंवा पाणी नसतं किंवा मुलं दाराजवळ उभी असतात. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. तुम्ही स्वतः जाऊन शाळा सुटल्यावर कडी, बादली, कचऱ्याचा डबा बघा, नसेल तर मागे लागून करून घ्या. शाळेतल्या एखाद्या बाईंना महिन्यातून एकदा मुलींशी बोलायला बोलवा, आणि त्याच वेळी मुलांशी तुम्ही बोला, आवाज फुटणं, अंगाला वास येणं, रात्रीचं काय होतं ते, साध्या शब्दांत. मुलांशी कोणीच बोलत नाही हो, मग ती मोबाईलवरून शिकतात. वर्गाला सांगून ठेवा की कोणालाही बाहेर जायचं असेल तर विचारायचं नाही, दाराजवळची लाकडी पट्टी उचलून जायचं. दर आठवड्याच्या लोहाच्या निळ्या गोळीचं पण तेच, आज खाऊन आलात का हे आधी विचारा, उपाशी पोटी मळमळतं आणि मग पोरी गोळी खिडकीतून टाकतात.

आता पेटी. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी तर शासनाने सांगितलेलीच आहे, पण ऑफिससमोर कुलूप लावलेल्या पेटीत सहावीचं मूल सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकत नाही. मी वर्गात बुटाचं खोकं ठेवते आणि शुक्रवारी शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची, काही सांगायचं नसेल तर चित्र काढून किंवा कोरी टाकायची. सगळेच टाकतात म्हणजे कोणी टाकली हा प्रश्नच राहत नाही. चिठ्ठ्या मी घरी वाचते, वर्गात कधीही मोठ्याने वाचत नाही, अक्षरावरून कोण ते ओळखलं तरी ओळखल्याचं दाखवत नाही, पुढच्या आठवड्यात कामाच्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसते. बहुतेक चिठ्ठ्या साध्या असतात, बाई मला पहिल्या बाकावर बसवा, बाई तुम्ही हिरवी साडी नेसत जा. घर बदललेल्या मुलांच्या चिठ्ठ्या मात्र नीट वाचा. २०२४ च्या जानेवारीत कुंभारीला रे नगर या कामगारांच्या वसाहतीतली पहिली १५ हजार घरं मिळाली, विडी कामगार आयांना स्वतःचं पक्कं घर मिळालं, फार चांगलं झालं. पण गल्ली सुटली ना पोरांची. एकीने लिहिलं होतं, "घर छान आहे पण तिथं मला कोणी हाक मारत नाही." तिला मी त्या आठवड्यापासून हजेरी घ्यायचं काम दिलं.

आणि वर्षातून एखादी चिठ्ठी अशी येते की हात थरथरतो. घरात कोणी अंगाला हात लावतं, किंवा मरून जावंसं वाटतं. इथं काही गोष्टी पक्क्या ठेवा. मुलाला "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका, "तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन आणि आधी तुला विचारून-सांगून करेन" असं म्हणा. परत परत खोदून विचारू नका, जे बोललं ते त्याच्याच शब्दांत तारीख घालून लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याने, २०१२ चा कायदा, पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, शाळेचं नाव जाईल म्हणून कोणी थांबवलं तरी थांबायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लिहा. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी पालकांना बोलवा, मूल एकटं घरी सोडू नका, टेलि मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं, आणि आपल्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे तिथं पालकांबरोबर स्वतः जा. पालक म्हणतील वेडा नाही आमचा पोरगा. तेव्हा त्यांना एवढंच सांगा की ताप आल्यावर नेतो तसं न्यायचंय.

मी केलेली एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणातून आल्यावर मी मोठ्या उत्साहाने सातवीला सांगितलं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा प्रसंग लिहा आणि गोलात बसून वाचा. एका मुलीने वडिलांच्या दारूबद्दल वाचलं, वाचताना रडली, वर्ग पण रडला, मला वाटलं किती छान मोकळी झाली. त्यानंतर ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी मी घरी गेले तर म्हणाली, "बाई, आता सगळ्यांना माहितेय." मी तिचं मन मोकळं केलं नव्हतं, तिची झाकलेली गोष्ट चारचौघांत उघडी केली होती. तेव्हापासून माझ्या वर्गात गोलात बसून फक्त आज काय चांगलं झालं, काय अवघड गेलं, आणि "पास" म्हणायची मुभा, एवढंच असतं. दुःख वहीत, चिठ्ठीत नाहीतर शेजारी बसून. आणि फोटोचं म्हणाल तर काम सुरू व्हायच्या आधी दोन काढून ग्रुपवर टाका आणि मोबाईल कपाटात ठेवा, कॅमेरा समोर असला की पोरं उपक्रम करत नाहीत, पोझ देतात.

कोणी म्हणेल आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, क्यूआर कोड वगैरे, आपल्याकडे तसं काय आहे. त्यांचा मला अभिमान आहे. पण ते काम पण एका छोट्या झेडपी शाळेतच उभं राहिलं, मोठ्या सोयी असलेल्या शाळेत नाही. आपल्याकडे सूत आहे, जुन्या वह्या आहेत, पाण्याचे दिवस आहेत.

तर सोमवारी पाण्याचा कागद लावा, बुधवारी कोरी पानं गोळा करायला सांगा, शुक्रवारी खोकं ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात वह्या शिवायला बसा. सहा-सहाचे गट करा, दोन टोकाची गरम डोक्याची पोरं एकाच गटात पण समोरासमोर नको, शेजारी शेजारी. पहिल्या दिवशी कोणी काही बोलणार नाही, नुसता गोंधळ होईल, दोरे गुंततील, काही जण वही अर्धवट टाकतील. दुसऱ्या वेळेलाही तसंच होईल. तुम्ही खाली बसून तुमची वही शिवत राहा, घाईघाईने प्रश्न विचारू नका. सुया बोथट टोकाच्या घ्या, आणि डबीत मोजून द्या, तास संपल्यावर मोजून घ्या, एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत कोणाला उठू देऊ नका.